गजाआडून आलेली सोंड

नातवंडांसाठी म्हणून लावलेला चित्रपट आजी-आजोबाच अधिक तन्मयतेने पाहतात, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येत असेल. असा पुन्हा पाहण्याजोगा एक जुना चित्रपट म्हणजे वॉल्ट डिस्ने यांचा ‘डम्बो’. तो ऑक्टोबर १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम प्रदर्शित झाला. ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ या आदल्या वर्षीच्या खर्चिक चित्रपटांनी डिस्ने यांना तोट्यात लोटले होते. त्यामुळे हा चित्रपट काटकसरीने आणि अवघ्या ६४ मिनिटांचा करण्यात आला. पार्श्वचित्रे जलरंगांत रंगवलेली आहेत. फार वेळ एका जागी बसणे ज्यांना सोसत नाही, त्यांना ही काटकसर आज चांगलीच सोयीची पडते.

आणखी एक सोय आहे. सर्कशीत जन्मलेले, कानांच्या अवाढव्य पाळ्यांमुळे सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेले हे हत्तीचे पिल्लू संपूर्ण चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. त्याची आई बोलते ती एकदाच, बाळाचे नाव सांगण्यापुरती. म्हणजे ऐकू कमी येत असले किंवा इंग्रजी कळत नसले, तरी कथेचा गाभा डोळ्यांनी कळतो.

लहानपणी हा चित्रपट पाहिलेल्यांना उडणारा हत्ती आठवतो. घरातील वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्याचे लक्ष मात्र त्या आईकडे जाईल. काही टवाळ मुले पिल्लाचे कान ओढतात, तेव्हा ती त्यांच्यातील एकाला सोंडेत पकडून फटके देते. मग चाबूक येतो, दोरखंड येतात आणि ती अनावर होते. तिला गजांच्या गाडीत कोंडून, पायांत साखळ्या घालून, बाहेर ‘धोका : वेडा हत्ती’ अशा अर्थाची पाटी लावली जाते. ती का चिडली, हे प्रेक्षकाने पाहिलेले असते. पाटी लावणाऱ्यांनी पाहिलेला असतो केवळ तिचा संताप.

अशी पाटी आपल्या घरांतही लागते. ‘बाबा हल्ली फार चिडतात’, ‘आईला काही कळत नाही’, असे म्हणताना आपला हेतू वाईट नसतो; आपण थकलेले असतो. तरीही ध्यानात ठेवावे, की वृद्ध व्यक्तीचे वागणे एक-दोन दिवसांत एकाएकी पालटले, तर त्यामागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातील पाणी कमी होणे, सांगता न येणारी वेदना किंवा नव्याने सुरू झालेले एखादे औषध असू शकते. ‘वयच झाले’ असे म्हणून थांबू नये. लवकर डॉक्टरांना दाखवावे. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती स्नानाच्या वेळी हात उगारत असेल, तर पाणी फार गार आहे का, अंगाला घाईने हात लावला गेला का, हेही पाहावे.

त्याच गाडीपाशी रात्री पिल्लू आईला भेटायला येते. साखळ्यांमुळे तिला पुढे येता येत नाही. तिची केवळ सोंड गजांतून बाहेर येते, पिल्लाला चाचपते, उचलून घेते आणि झुलवते. एक अंगाईगीत सुरू असते. शब्द हरपलेल्या माणसाशी बोलायचे कसे, असे पुष्कळ जण विचारतात. हे दृश्य त्यांनी अवश्य पाहावे. हात हातात घ्यावा, पाठीवरून सावकाश फिरवावा. ओळख पटली नाही तरी तो स्पर्श पोहोचू शकतो.

परंतु डोळे भरून आले म्हणून चित्रपट तेथेच बंद करू नये. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, अल्झायमर झालेल्या व्यक्तींना दुःखद आणि आनंददायक चित्रफितींचे तुकडे दाखवले होते. अभ्यास लहान होता. पाहिलेले त्यांना थोड्याच वेळात फारसे आठवेना. मनातील दुःख वा आनंद मात्र त्यानंतरही टिकून राहिला. अर्ध्यावर उठवलेल्या आजींच्या मनातही असे कारण नसलेले दुःख मागे राहू शकते.

दोन ठिकाणी सावध राहावे. चुकून मद्य प्यायलेल्या डम्बोला गुलाबी हत्तींचे भास होतात, तो भाग चित्रकलेच्या दृष्टीने अप्रतिम आहे. परंतु ज्यांना स्वतःलाच भास होतात, त्यांना तो अस्वस्थ करू शकेल. तेवढा पुढे सरकवावा. कावळ्यांचे चित्रण कृष्णवर्णीयांची थट्टा करणारे आहे, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तच आहे. नातवंडांनी विचारले तर सांगावे.

खोलीत मंद दिवा असू द्यावा, पडद्यावर खिडकीची तिरीप पडू देऊ नये. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले आहे ना, हे आधी पाहावे. आणि शेवटच्या मिनिटापर्यंत बसावे : तेथे आगगाडीच्या अखेरच्या डब्यात आई मोकळी बसलेली असते, साखळीही नाही आणि पाटीही नाही, आणि पिल्लू आकाशातून उतरून तिच्या कुशीत शिरते.