स्वयंचलनामागील माणूस

यंत्र माणसाचे श्रम हलके करील, हे औद्योगिक युगाचे आश्वासन होय. ते कितपत खरे ठरले हे पाहावयाचे असेल, तर यंत्रे आपोआप चालती करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्याकडे प्रथम पाहिले पाहिजे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूर व अंबड येथील वसाहतींनी नाशिकचे रूप पालटले. मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने तेथे नियंत्रण-पॅनेल बांधणारी, पीएलसीचे प्रोग्रॅम लिहिणारी लहान-मोठी आस्थापने उभी राहिली. या शहरातील कितीतरी पदवीधर व पदविकाधारक तरुण नोकरीचा श्रीगणेशा तेथेच करतात.

त्यांना तेथे मिळते ते थोडे नव्हे. मोटार, सेन्सर, ड्राइव्ह आणि प्रोग्रॅम हे सारे एकाच माणसाच्या हाताखालून जाते आणि मोठ्या कारखान्यात सहसा न मिळणारे सर्वांगीण शिक्षण मिळते. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमबरहुकूम यंत्र प्रथम फिरू लागते, तो आनंद पगाराच्या आकड्यांत मोजता येणारा नाही.

परंतु या विद्येचे मोल कोण चुकते करतो? ग्राहकाचा कारखाना चालू असताना त्याच्या यंत्रास हात लावता येत नाही. त्यामुळे जोडणी व चाचणी रात्री, रविवारी आणि ऐन दिवाळीत. इतरांची सुटी हाच यांचा हंगाम! सुटे भाग उशिरा येतात, जुळणी लांबते, पण ग्राहकास दिलेली तारीख ढळत नाही. प्रोग्रॅम लिहिणारा साखळीच्या शेवटी उभा असल्याने सर्वांचा विलंब त्याच्या झोपेतून वसूल होतो. पॅनेलमध्ये ४१५ व्होल्टचा प्रवाह खेळत असतो आणि चाचणीसाठी यंत्रावरची संरक्षक आवरणे कित्येकदा काढलेली असतात. अशा ठिकाणी जागरणाने शिणलेल्या माणसाची चूक त्याच्या जिवावर बेतू शकते.

यावर ठरावीक उत्तर असे की, हे अभियंते आहेत, कामगार नव्हेत. कायद्याचे म्हणणे तसे नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम स्पष्टपणे समाविष्ट आहे. वगळले आहेत ते मुख्यतः व्यवस्थापकीय व प्रशासकीय कामे करणारे आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक. हाती टेस्टर घेऊन पॅनेलपुढे बसलेला तरुण पर्यवेक्षण करतो तरी कोणावर? कामगारास जादा कामाबद्दल दुप्पट दर आणि प्रत्येक नोकरास नेमणूकपत्र, याही गोष्टी कायद्याने सांगितल्या आहेत. 'अभियंता' हे बिरुद मानाचे असावे. हक्क झाकण्याचे पांघरूण होऊ नये.

लहान मालकाची अडचण आम्ही जाणतो. स्पर्धा तीव्र असते आणि ग्राहकाकडून पैसे वेळेवर येत नाहीत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे ४५ दिवसांच्या आत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. तो पाळणे हे मोठ्या कारखान्यांचे कर्तव्य आहे. तथापि, वरच्याने केलेल्या ओढाताणीची भरपाई खालच्याकडून करून घेणे हा न्याय नव्हे.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सुसूत्रीकरणाचा लाभ समाज, मालक व कामगार यांत न्याय्य रीतीने वाटला जावा, हे तत्त्व मान्य केले. यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगारासाठी सांगितलेले ते तत्त्व यंत्राला बुद्धी देणाऱ्यासही लागू आहे. बाहेरगावच्या कामाचे तास, प्रवासाचा वेळ आणि बदली सुटी यांचा उल्लेख नेमणूकपत्रात असलाच पाहिजे. 'निमा' व 'आयमा' या उद्योजक-संघटनांनी तसा एक समान मसुदा तयार करावा आणि मोठ्या ग्राहकांनी करारातच चाचणीसाठी पुरेसे दिवस राखून ठेवावेत. मागणी माफक आहे. ती मान्य होण्यास एखाद्या अपघाताची वाट पाहावी लागू नये.