विश्लेषण : ॲक्युपंक्चरवाल्याचा ‘हात बसला’ हे कसे ओळखायचे?

सातारा-सांगलीत कंबर-गुडघा धरला की आधी मिरजेचा डॉक्टर आठवतो. गोळ्यांनी भागले नाही, की कोणीतरी ॲक्युपंक्चर सुचवते. विद्या चिनी, भारतात ती आणली डॉ. बासूंनी. १९३८ मध्ये सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत चीनला गेलेल्या पथकातले ते एक.

राज्याने २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चर परिषद आणि नोंदणीची तरतूद केली, हे चांगलेच झाले. ऑस्ट्रेलियात चिनी वैद्यकाची देशव्यापी नोंदणी २०१२ पासून आहे. पण नोंदणी झाली म्हणजे हात बसला, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच डॉक्टर नसलेल्यांसाठी २५०० तासांचे शिक्षण सुचवले. त्यातले किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचे. छातीवर सुई जास्त खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. हे शनिवार-रविवारच्या वर्गात, तेही मोबाइलवर, कसे शिकणार?

म्हणून दवाखान्याच्या पाटीवर नोंदणी क्रमांकाशेजारी रुग्णांवरील प्रशिक्षणाचे तासही लिहिणे परिषदेने सक्तीचे करावे. तोवर रुग्णानेच विचारावे : कोणाच्या देखरेखीखाली शिकलात? आणि सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे.