माशी आणि मासा

‘माशा मारीत बसणे’ म्हणजे निरुद्योगीपणा, हे मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण माशीने मासे मारण्याची एक विद्याच साहेबाच्या देशात आहे, हे आमच्या एका स्नेह्यांमुळे कळले. हे गृहस्थ निवृत्त इंजिनियर. काश्मीरच्या सहलीत त्यांनी ट्राउट मासा पाहिला आणि परतताना लवचीक काठी, जाड दोरी व डबीभर माश्या घेऊन सांगलीस आले. या माश्या म्हणजे गळाच्या आकड्याला रंगीत दोरा नि पिसे गुंडाळलेली. एरवी गळ लांब जातो तो शिशाच्या वजनाने. इथे वजन दोरीचेच. ती चाबकासारखी मागेपुढे खेळवायची आणि खरी माशी पाण्यावर टेकावी तशी अलगद टेकवायची. फसला मासा तर फसला!

ट्राउट मात्र आमच्या सातारा-सांगलीकडे नाही. तो मुळात हिंदुस्थानचाच नव्हे. १९०० साली विलायतेहून आणलेल्या अंड्यांतून तो काश्मिरात रुजला, पुढे निलगिरीतही. त्याला पाणी हवे थंडगार नि खळाळते. वीस अंशांपुढे पारा चढला की स्वारी कासावीस. सह्याद्रीतला उन्हाळा त्याला कसा सोसावा?

“ट्राउट नसेना का, प्रोफेसर, महाशीर लागेल!” असे म्हणत स्नेह्यांनी रीतसर परवानगी काढली आणि जावळीकडच्या एका लहानशा तलावावर मला नेले.

या महाशीराची एक गंमत आहे. आपल्या दख्खनी जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रजाने १८३९ साली प्रसिद्ध केले, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. नाव ठेवले ‘खुद्री’. म्हणजे इथल्याच लोकांच्या तोंडचे. नुक्ता, पोटेल, कोलुस हीही त्याने तशीच उचलली. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र मासा एकच, नुसता ‘मासा’!

दुपारपर्यंत माशीकडे कोणी फिरकले नाही. पलीकडे एक म्हातारबा बांबूच्या गळाला कणकेची गोळी लावून बसले होते. त्यांच्या पिशवीत सहा-सात मासे.

“सायेब, त्या पिसाला काय न्हाई लागायचं. हितं आता समदी चिलापीच.”

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्या देशात आणलेली. पण नाव कसे अस्सल मराठी करून टाकले आहे पाहा!

“पूर्वी काय मिळायचं, बाबा?”

“मरळ, वाम, शिंगाळा, कोळशी...”

मी वही काढली. ही कोळशीच साइक्सची ‘कोलुस’ असावी. लॅटिनमध्ये ‘ळ’ नाही, बिचाऱ्याने काय करावे!

“आणि महाशीर?” स्नेह्यांनी अधीरतेने विचारले. “मोठ्या खवल्यांचा, डोहात राहणारा?”

“त्यो व्हय! माज्या बानं धरल्याला, मी ल्हान असताना. दोघांनी उचलून आणला.”

“त्याला काय म्हणत होते तुमचे वडील?” मी पेन्सिल सरसावली.

म्हातारबांनी गळ वर घेतला, गोळी बदलली, परत पाण्यात सोडला.

“बा कायतरी म्हनायचा बघा, गुर्जी. आता ध्यानात न्हाई.”