रोबो त्यांचा, इरलं आमचं

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी हापूस विकत घेताना हा आंबा कुणाच्या मालकीचा, असं कुणी विचारत नाही. आंबा, सीताफळ, मिरची, बैलगाडी यांना मालक नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणायचं, तासायचं, घासायचं, रंगवायचं आणि दुकानात मांडायचं. हाच कारागीर उद्या टीव्हीवरचा रोबो तासायला बसला, तर मात्र त्याच्या दारात वकिलाची नोटीस येऊ शकते. रोबोला मालक आहे. मालक असावा आणि त्याला त्याचा वाटाही मिळावा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण मालकाने वर्षानुवर्षं माळ्यावर टाकून दिलेल्या रोबोला जी पोरं चित्रं काढून जिवंत ठेवतात, त्यांचं काय? त्यांच्या चित्रांवरून खेळणी निघतात, विकली जातात, संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसतात. चित्र काढणाऱ्याचं नाव त्या खोक्यावर कुठेच नसतं.

मी आंबोलीत राहतो, चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला पोरं बसवण्यात नोकरी गेली. स्थिरचित्रात तांब्या आणि वांगी काढून कंटाळलेला एक विद्यार्थी वहीच्या मागच्या पानांवर रोबो काढायचा. आज तो घरी थ्री-डी प्रिंटर चालवतो. आंबोलीच्या पावसात प्रिंटर चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. धुकं दारातून आत येतं, प्लास्टिकच्या तारेला ओल धरते आणि छापताना सगळीकडे कोळिष्टकं सुटतात. म्हणून तारेची रिळं तो झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. छापून झालेल्या अंगावर बारीक थर दिसतात. ते पॉलिश पेपरने घासायचे, प्रायमर द्यायचा, पुन्हा घासायचं आणि मग रंग. चितार आळीत लाकडाला जी मेहनत पडते, तीच इथे प्लास्टिकला.

त्याचे रोबो कुणाला ठाऊक नसलेले. 'ट्रान्सफॉर्मर्स' हे नाव सिनेमामुळे घरोघरी गेलं, पण त्याचा पसारा मोठा आहे. जपानच्या ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' मालिकांतली खेळणी घेऊन अमेरिकेच्या हॅस्ब्रोने 1984 साली त्यांना नवी नावं आणि नवी कथा दिली. पुढे जपानने आपल्यापुरत्या वेगळ्या मालिका काढल्या. 1989 सालची 'व्हिक्टरी' ही त्यातलीच. या पसाऱ्यात मागच्या रांगेत उभी असलेली शेकडो पात्रं आहेत. त्यांच्या वाट्याला खेळणं आलं नाही, आलं तर फार उशिरा. आर्सीचंच बघा. 1986 च्या सिनेमात ती पडद्यावर आली, पण तिच्या त्या मूळ रूपाचं, गाडी होणारं खेळणं सर्वसाधारण दुकानांत यायला 2014 उजाडलं.

अशी पोकळी राहिली की ती भरणारे उभे राहतातच. संग्राहक त्यांना 'थर्ड पार्टी' म्हणतात. कंपनीच्या खेळण्याची हुबेहूब नक्कल म्हणजे 'नॉकऑफ', तिला कुणी मान देत नाही. थर्ड पार्टीवाले पात्र कंपनीचं घेतात, घडण स्वतःची करतात आणि नाव बदलतात. टीएफसी टॉइजने सहा बांधकामयंत्रांचा मिळून एक होणारा डेव्हास्टेटर काढला, तो 'हर्क्युलिस' या नावाने. तो बाजारात आल्यानंतर, 2015 साली, हॅस्ब्रोने स्वतःचा मोठा डेव्हास्टेटर आणला. एकामुळे दुसरं आलं असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक आहे हे मात्र आधी अनधिकृतवाल्यांनी दाखवलं.

ही घडण येते कुठून? बऱ्याचदा चाहत्यांच्या चित्रांतून. कार्टूनमध्ये मागच्या रांगेतल्या रोबोचा चेहरा दिसतो, छाती दिसते; पाठ, तळवे, सांधे कधीच दिसत नाहीत. ते चाहता कल्पनेने भरतो. माझ्या विद्यार्थ्याने अशाच एका विसरलेल्या जपानी रोबोची पाठ काढली. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तो म्हणाला, "सर, कार्टूनात ह्येची पाठ कधी दाखवल्यानीच नाय. मगे माका होयी तशी मी काढलंय." त्या पाठीवर त्याने इरलं काढलं होतं. लावणीला बायका डोक्यावरून पाठीवर घेतात तेच. बांबूच्या पट्ट्यांची तिरकी जाळी, मधोमध कणा, खाली किंचित उचललेलं टोक. रोबोचे पंख मिटले की त्यांचं इरलं व्हावं, अशी रचना. चित्र त्याने इंटरनेटवर टाकलं, लोकांनी वाहवा केली आणि तो विसरून गेला.

पुढे एका परदेशी कारखान्याचं अनधिकृत खेळणं त्याच्या पाहण्यात आलं. रोबो तोच. पंख मिटल्यावर पाठीवर जाळी तीच, कणा तोच, उचललेलं टोकही तेच. जगात इरलं कुठे विणतात हे त्या कारखान्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. चित्र उचललं, साचा केला, माल विकला. पोरगं माझ्याकडे फोटो घेऊन आलं आणि हसत म्हणालं, "सर, इरला आपला, बाकी सगळा तेंचा." त्याला हसू आलं, मला राग आला.

कायदा काय म्हणतो ते बघू. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सपाट चित्रावरून त्रिमिती वस्तू करण्याचा हक्कही चित्राच्या मालकाकडे आहे. ही तत्त्वं जुनी आहेत. पॉपायच्या विनापरवाना बाहुल्यांचा खटला इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1941 साली निकाल लागला की थेट चित्रावरून न करता दुसऱ्याच्या बाहुलीवरून नक्कल केली तरी ती मूळ चित्राचीच नक्कल. म्हणजे कंपनीच्या रोबोवरून चाहत्याचं चित्र आणि त्यावरून कारखान्याचं खेळणं, या साखळीत कंपनीचा हक्क शेवटच्या कडीपर्यंत पोचतो. मधल्या कडीतल्या पोराने स्वतःच्या डोक्यातून घातलेल्या इरल्याचं काय? तो कंपनीकडे गेला तर 'तू विचारलं होतंस का?' हा पहिला प्रश्न. कारखान्याकडे गेला तर दारच नाही.

थर्ड पार्टीवाले सगळे बिचारे, हौशी, असं चित्र मला रंगवायचं नाही. त्यांतले काही चांगले मोठे कारखानदार आहेत आणि त्यांचं एकेक खेळणं दहा-वीस हजारांना जातं. कंपनीने पात्र जन्माला घातलं, मालिकेवर पैसा ओतला. तिचं फुकट खाणारे हे, अशी तिची तक्रार असेल तर ती खोटी नाही. पण कंपन्याही चाहत्यांच्या डोक्यावर जगतात. डॉन फिगेरोआसारखा चित्रकार आधी चाहता म्हणून रोबो काढत होता, मग अधिकृत कॉमिक्सवर आला. विंडब्लेड हे पात्र तर 2013 साली चाहत्यांच्या मतदानातून घडलं. चाहत्याचं डोकं कामाचं आहे हे कंपनीला कळतं. त्याचं दाम आणि नाव देण्याची रीत फक्त बसलेली नाही.

आपल्याकडे पात्राला हात लावणं नवीन नाही. गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, मुघलांबरोबर इकडे आली, 96 पानांची. पुढे तिची दशावतारी झाली, 120 पानांची. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याच्या खळीने कापड ताठ करून, घोटून, त्यावर मत्स्य-कूर्म रंगवत आले. ही कला मरायला टेकली तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात तिला पुन्हा उभं केलं. प्रत्येक चिताऱ्याचा नरसिंह वेगळा. एकाचे डोळे मोठे, दुसऱ्याची आयाळ दाट. नरसिंह सगळ्यांचा, आयाळ ज्याची त्याची. ही वाटणी आपल्या कारागिरांना कुणी शिकवावी लागली नाही.

मार्ग नाही असं नाही. जपानमध्ये वर्षातून दोनदा 'वंडर फेस्टिव्हल' भरतो. घरी मूर्ती, रोबो, सांगाडे घडवणारे हौशी तिथे आपला माल विकतात. पात्रांचे मालक त्या हौशींना त्या एका दिवसापुरता परवाना देतात. अर्ज करा, नमुना दाखवा, ठरलेला मोबदला भरा, त्या दिवशी त्या जत्रेत विका; दुसऱ्या दिवशी परवाना संपला. मालकाचा हक्क शाबूत राहतो आणि हौशी माणूस चोर ठरत नाही. आपल्याकडे कॉमिक कॉन 2011 पासून भरतंय, पुण्या-मुंबईतही होतं. तिथे असा एका दिवसाचा परवाना सुरू करायला काय हरकत आहे? मी त्यात दोन अटी वाढवेन. एक, खोक्यावर चित्रकाराचं नाव. दोन, नग 50 च्या आत. 50 चा आकडा मी हवेतून आणलेला नाही. नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि मालकाने कारखानी पद्धतीने त्याच्या 50 हून जास्त प्रती काढल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो, असं आपल्याच कायद्याचं कलम 15 सांगतं. घरगुती काम आणि कारखाना यांच्यातली रेघ कायद्याने कधीच मारून ठेवली आहे.

सरकारनेही एक गोष्ट करावी. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे आणि नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. विषारी रंग पोरांच्या तोंडात जाऊ नये म्हणून शिक्का हवाच. पण प्रिंटरवर काम करणारा पोरगा ना कारखानदार, ना कागदोपत्री कारागीर. पॉलिश पेपर तर त्याच्याही हातात आहे. त्याची नोंद कारागीर म्हणून व्हायला हवी.

आणि एक गोष्ट खेळणी घेणाऱ्यांसाठी. तुमच्या कपाटातला रोबो अधिकृत असो की अनधिकृत, विक्रेत्याला विचारा: हे चित्र कुणाचं? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा.