गाण्याचे राखणदार

लोकगीताला मालक नसतो, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. परंतु मालक नसलेल्या वस्तूला राखणदार लागतो, हे सहसा कोणी ध्यानी घेत नाही. अमेरिकेतील ‘द बर्ड्‌स’ या गायक-वादकांच्या मेळ्याची कहाणी या दृष्टीने आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते.

१९६४ साली लॉस एंजेलिस येथे पाच तरुण एकत्र आले: पुढे रॉजर या नावाने ओळखले गेलेले जिम मॅग्विन, जीन क्लार्क, डेव्हिड क्रॉस्बी, ख्रिस हिलमन आणि ढोलवादक मायकेल क्लार्क. यांतील बहुतेकांचे संस्कार लोकसंगीताचे. पण बीटल्सच्या गाण्यांनी ते भारून गेले होते. बीटल्सच्या चित्रपटात पाहिलेली बारा तारांची विद्युत-गिटार मॅग्विन यांनी पैदा केली. तारांच्या सहा जोड्यांतून उठणारा तो झणत्कार हीच या मेळ्याची ओळख ठरली.

१९६५ साली त्यांनी बॉब डिलनचे ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ गायिले. मूळ चार कडव्यांतले एकच ठेवले, ठेका बदलला, आणि गीत अमेरिका व इंग्लंड या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पाठोपाठ ‘टर्न! टर्न! टर्न!’ आले. बायबलातील ‘उपदेशक’ या ग्रंथाच्या वचनांना पीट सीगर यांनी चाल लावली होती आणि अखेरीस शांततेची आस स्वतःच्या शब्दांत जोडली होती. व्हिएतनाम युद्धाच्या त्या दिवसांत हे प्राचीन शब्द तरुणांच्या ओठी खेळू लागले. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, कंठ तिसऱ्याचा! अभंगाची परंपरा जाणणाऱ्या आपल्या वाचकांस यात नवल ते काय वाटावे? लोकगीत आणि रॉक यांच्या या संगमाला ‘फोक-रॉक’ हे नाव पडले.

१९६६ च्या ‘एट माइल्स हाय’मध्ये तर जॉन कोल्ट्रेन यांचा सॅक्सोफोन आणि पंडित रविशंकर यांची सतार या दोहोंचे संस्कार उमटले.

गाणे असे नवनवे जोडीत चालले. माणसे मात्र तुटत गेली. गीतलेखनाच्या मानधनामुळे क्लार्क यांची मिळकत अधिक, त्याचा सल इतरांना. त्यातच त्यांना विमानप्रवासाचे भय; १९६६ मध्ये ते बाहेर पडले. पाखरांच्या थव्यातून उडण्याला भिणारा प्रथम गळावा, हा दैवाचा केवढा उपहास! पुढच्याच वर्षी क्रॉस्बींना काढून टाकण्यात आले. १९६८ साली ग्रॅम पार्सन्स यांच्या साथीने मेळा ग्रामीण ‘कंट्री’ संगीताकडे वळला. ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. आज मात्र तिला मार्गदर्शक मानतात. १९७३ मध्ये मेळा विसर्जित झाला, तेव्हा मूळ मंडळींपैकी अखेरपर्यंत टिकलेले मॅग्विन एकटेच होते.

पुढे ‘बर्ड्‌स’ या नावाच्या हक्कावरून जुने सोबती न्यायालयाची पायरी चढले. तरीही जानेवारी १९९१ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या सन्मानप्रसंगी पाचही जण एका मंचावर उभे राहिले. तीच अखेरची भेट ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात जीन क्लार्क, १९९३ मध्ये मायकेल क्लार्क आणि २०२३ च्या जानेवारीत क्रॉस्बी निवर्तले.

नावासाठी भांडण झाले. जुन्या गाण्यांसाठी कोण भांडणार? १९९५ साली मॅग्विन यांनी निराळेच व्रत घेतले. दरमहा एक पारंपरिक गीत गाऊन, शब्द-स्वरांसह, ते इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यायचे. लोकप्रियतेच्या शिखरापेक्षा हे काम आम्हांस अधिक मोलाचे वाटते. कीर्ती ही पाचांत वाटावी लागते, म्हणून कलह. गाणे वाटल्याने उणे होत नाही.

आपल्या घरांतील आजीच्या ओव्या आज कोणाच्या ओठी आहेत, एवढा प्रश्न वाचकांनी स्वतःस जरूर विचारावा.