घरच्या धंद्याची गोष्ट, आकड्यांसह

मी वाणिज्य शाखेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. वर्गातली बरीच मुले-मुली यंत्रमाग, बेकरी, गॅरेज, भंगार, शिवणकाम अशा धंद्यांच्या घरांतून येतात. मुस्लिम समाजात स्वयंरोजगार आणि स्त्रियांचे घरबसल्या काम यांचे प्रमाण मोठे आहे, बँकेचे कर्ज मात्र त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते, असे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते. म्हणजे भांडवल, उधारी, मजुरी हे शब्द या मुलांच्या घरात रोजचे आहेत. तरीही 'स्थिर खर्च म्हणजे काय' असे परीक्षेत विचारले की ती गाईडमधली व्याख्या उतरवतात. घरचा धंदा आणि पुस्तकातले अर्थशास्त्र यांची गाठच पडत नाही. ती घालून देण्यासाठी आपल्या महाविद्यालयांनी डिजिटल कथाकथन वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही पद्धत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डॅना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. दोन ते पाच मिनिटांची गोष्ट, स्वतःचा आवाज, सोबत आपल्याकडचे फोटो, इतकेच. तेव्हा त्यासाठी संगणक लागत असे, आज खिशातला मोबाईल पुरतो.

माग चालवणाऱ्या घराचे उदाहरण घ्या. व्यापारी सूत देतो, कापड विणून घेतो आणि मीटरप्रमाणे मजुरी देतो. समजा, मीटरला ५ रुपये मिळतात आणि वीज, कारागिराची मजुरी, दुरुस्ती यांत ४ रुपये जातात. महिन्याला १५,००० मीटर कापड निघाले तर १५,००० रुपये उरतात. जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता मिळून २०,००० असेल, तर तोटा ५,००० रुपये. मग अब्बा माग बंद का करत नाहीत? कारण माग थांबले तरी भाडे आणि हप्ता थांबत नाही. तोटा थेट २०,००० वर जातो. बदलता खर्च भरून निघतो तोवर उत्पादन चालू ठेवावे, हा पुस्तकातला नियम तो हाच. अब्बांना विचारून, मीटरची वही आणि वीजबिलाचे फोटो लावून मुलाने हे स्वतःच्या आवाजात सांगितले, तर त्याला नियम पाठ करावा लागत नाही. पुढचे प्रश्नही त्यालाच पडतात. हा तोटा किती महिने सोसता येईल? मीटरचा दर व्यापारीच का ठरवतो?

माझ्या एका विद्यार्थिनीची अम्मी घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. मुलीने आठवडाभर तिच्या कामाचे तास लिहून ठेवले. नगाप्रमाणे मिळालेल्या पैशांतून दोरा, सुई, विजेचा खर्च वजा केला आणि उरलेल्या रकमेला तासांनी भागले. आलेला आकडा पाहून घरातले गप्प झाले. तोवर त्या कामाला घरात 'टाइमपास' म्हणत. चित्रफितीत अम्मीचा चेहरा नाही, फक्त हात आणि वही आहे. तशी तिची अट होती.

भाषेचाही प्रश्न यात सुटतो. घरात दखनी किंवा उर्दू, बाहेर मराठी, परीक्षेत इंग्रजी अशी आपल्या मुलांची ओढाताण असते. गोष्ट घरच्या बोलीत सांगावी आणि खाली मराठीत ओळी द्याव्यात. इंग्रजी कच्चे म्हणून मागच्या बाकावर बसणारी मुलगी हिशेबात कच्ची नसते, हे मग शिक्षकांनाही दिसते.

'अभ्यासक्रम कधी संपवायचा?' अशी सहकाऱ्यांची तक्रार असते. ती खोटी नाही. म्हणून प्रत्येक धड्याला गोष्ट नको, सत्रात एक पुरे. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो: यातून गरिबीचे रील तयार होतील. तो धोका खरा आहे. त्यासाठी दोन अटी हव्यात. गोष्टीबरोबर जमाखर्चाचा एक पानी तक्ता द्यायचा. तक्ता नसेल तर गुण नाहीत. आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना आधी दाखवून परवानगी घ्यायची. घरची उधारी चव्हाट्यावर यावी असे कोणालाच वाटत नाही, आणि तसे वाटण्याचा त्यांना हक्क आहे.

साधनांची सबब मात्र सांगू नये. मालेगावात नासिर शेख यांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला. पुढे यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख तिथे सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ते सारे पाहायला मिळते. आपल्याला तर सुपरमॅनला उडवायचेही नाही, फक्त वीजबिल वाचून दाखवायचे आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला फील्ड प्रोजेक्ट आला आहे. बाजारातून छापील प्रोजेक्ट आणून सही घेण्यापेक्षा, 'तीन मिनिटांची गोष्ट आणि एक पानी हिशेब चालेल का?' असे आपल्या प्राध्यापकांना या सत्रात विचारा. होकार येईपर्यंत वही सुरू करायला हरकत नाही. घरातल्या कोणाचे काम आजवर कोणी मोजलेले नाही, तिथून सुरुवात करा.