टारफुल्याचे बी कोण नेतो?

पैठण म्हटले की नाथसागर आणि पैठणी आठवते. आता घरातल्या वडीलधाऱ्यांना ज्वारीतल्या टारफुल्याविषयीही विचारून पाहा.

टारफुला हे परोपजीवी तण आहे. त्याची पाने हिरवी असतात. पण पाणी व क्षार तो ज्वारीच्या मुळांतून शोषून घेतो. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका झाडाला असे हजारो बी धरते आणि ते जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहते. रुजण्यापूर्वी त्याला आठवडा-दोन आठवडे ओल व ऊब लागते. त्यानंतर जवळच्या मुळांतून पाझरणारे रसायन मिळाले, तरच ते रुजते.

त्याला सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. म्हणून पृथ्वी तापली की हे तण आजच्या थंड प्रदेशांतही शिरेल, अशी भीती व्यक्त होते. ती खोटी नाही. पण सगळा दोष हवामानावर टाकणे मला पटत नाही. १९५६ साली टारफुला अमेरिकेतील कॅरोलायना भागात मक्यावर आढळला. हवामान तिथे आधीपासूनच अनुकूल होते. उणीव होती ती फक्त बियांची! पुढे माती, अवजारे व शेतमाल यांच्या वाहतुकीवर निर्बंध घालून आणि नेटाने निर्मूलन करून त्याचे क्षेत्र पुष्कळ घटवण्यात आले.

पैठणची उष्ण हवा तर टारफुल्याला मुळातच मानवणारी. त्यात जमीन निकस असली की पिकाची मुळे ते रसायन अधिक सोडतात. म्हणजे भुकेली जमीनच शत्रूला हाक मारते! शेणखत व योग्य खत हा यावरचा एक उपाय. दुसरा उपाय फेरपालटाचा. १९६६ साली हे रसायन प्रथम वेगळे केले गेले, ते कपाशीच्या मुळांच्या पाझरातून. कपाशीमुळे टारफुल्याचे बी रुजते, पण तिच्यावर त्याला जगता येत नाही. कोंब मरून जातो.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. खरीप ज्वारी पुन्हा शेतात यावी, असे आपल्यालाही वाटते. मग मातीत वाट पाहणाऱ्या बियांचा विचार आधी करायला हवा. टारफुला जमिनीवर दिसतो तेव्हा त्या हंगामाचे नुकसान बरेचसे झालेले असते. तरीही फुलापूर्वी उपटल्यास पुढचे बी पडत नाही.

शिक्षकांनी पावसाळ्यात मुलांना शिवारात नेऊन हे तण ओळखायला शिकवावे. पृथ्वीचे तापमान उतरवणे एका शाळेच्या हाती नाही. आपल्या शिवारात बी पडू न देणे मात्र नक्कीच आहे.